ज्यूंचा इतिहास रंगमंचावर: नाट्यवाचनानंतर हमखास विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातला आमचा नाट्यवाचनाचा गट लहानसा आहे. पंधरा-वीस माणसं, सोसायटीचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मध्यंतरात चहा. मागचं वर्षभर आम्ही ज्यूंच्या इतिहासाशी संबंधित नाटकं वाचत होतो. दर वेळी वाचन संपलं की नाटकापेक्षा प्रेक्षकांबद्दलच जास्त बोलणं व्हायचं: तिकडे हे पाहताना लोकांचं काय झालं असेल, आपलं काय होईल? तेच तेच प्रश्न परत येऊ लागले, तेव्हा उत्तरं एकदाची लिहून ठेवायचं ठरलं. मतं माझी आहेत, गटाची नव्हेत. गटात एकमत कधीच होत नाही.

ज्यूंचा इतिहास म्हणजे हिटलर आणि छळछावण्याच ना?

बहुतेक जण हेच धरून येतात, रुमालाची घडी खिशात घालूनच. पण यातलं सगळ्यात जुनं नाटक ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातलं मानतात. एझेकिएल नावाच्या ज्यू कवीनं मोशे आणि इजिप्तमधून झालेली सुटका या विषयावर ग्रीक भाषेत, ग्रीक शोकांतिकेच्या घाटात ते लिहिलं. त्याच्या 269 ओळी आज उरल्या आहेत. पुढे पूर्व युरोपातल्या ज्यू वस्त्यांच्या लोककथांतून अन-स्कीचं 'डिबुक' आलं. वॉर्सात त्याचा पहिला प्रयोग डिसेंबर 1920 मध्ये झाला, लेखक वारल्यानंतर महिनाभरानं, सुतकाचे तीस दिवस संपता संपता. झपाटलेल्या नवरीची ती गोष्ट. भुताखेतांवर वाढलेल्या कोकणी माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

बर्लिनमध्ये ॲन फ्रँकच्या नाटकाला टाळ्याच पडल्या नाहीत, हे खरं का?

खरं आहे, आणि पुढच्या सगळ्या उत्तरांचं मूळ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नाझींपासून लपून राहिलेल्या या ज्यू मुलीच्या डायरीवरून फ्रान्सिस गुडरिच आणि आल्बर्ट हॅकेट या नवरा-बायकोनं लिहिलेलं नाटक 5 ऑक्टोबर 1955 रोजी न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर आलं. लोक हसले, रडले, टाळ्या वाजवून घरी गेले. पुढच्या वर्षी पुलित्झरही मिळालं. मग 1 ऑक्टोबर 1956 रोजी हेच नाटक पूर्व आणि पश्चिम मिळून जर्मनीतल्या सात शहरांत एकाच रात्री लागलं. युद्ध संपून जेमतेम अकरा वर्षं झाली होती. खुर्च्यांवर बसलेल्या चाळिशी-पन्नाशीच्या प्रत्येक माणसाला ते दिवस स्वतःचे म्हणून आठवत होते.

बर्लिनच्या प्रयोगाला केनेथ टायनन हा इंग्रज समीक्षक हजर होता. त्यानं लिहून ठेवलंय की दिवे लागल्यावर अर्धा मिनिट कुणी हललं नाही. कुणी समोर बघत होतं, कुणी जमिनीकडे. मग सगळे उठले आणि एकमेकांकडे न बघता बाहेर पडले. टाळी नाही, कुजबुज नाही.

नाटक तेच, ओळी त्याच. न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावरची मुलगी 'आपली' होती. बर्लिनमध्ये ती शेजारच्या घरातून एके दिवशी नाहीशी झालेली मुलगी होती. माझं म्हणणं एवढंच आहे की अशा नाटकात प्रेक्षक काय करतो, ते त्याच्या शहरानं त्या इतिहासात काय केलं होतं यावर फार अवलंबून असतं.

त्या शांततेनंतर काही घडलंही. 1957 च्या मार्चमध्ये हॅम्बुर्गहून सुमारे 2000 तरुण मुलं-मुली बेर्गन-बेल्झनच्या छळछावणीच्या जागी गेली. ॲन तिथेच मेली होती. पण ती शांतता फार पवित्रही मानू नये. आडोर्नो या तत्त्वज्ञानं एका बाईची गोष्ट सांगितली आहे. नाटक बघून ती हेलावली आणि म्हणाली, 'त्या मुलीला तरी जगू द्यायला हवं होतं.' हे 'तरी' वाचताना आमच्या गटातल्या एका काकूंनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणजे बाकीच्यांचं काय?

मग शेवटी टाळ्या वाजवायच्या की नाही?

वाजवा. नटांनी दोन तास घाम गाळलेला असतो.

मी पाहिलेला एक प्रयोग मात्र विसरता येत नाही. कॉलेजच्या मुलांनी बसवलेलं नाटक, शंभरेक खुर्च्यांचं सभागृह. शेवटी सगळे दिवे गेले आणि परत आले, तर रंगमंचावर फक्त एक लाकडी स्टूल. नट वंदनाला आलेच नाहीत. लोक वाट बघत बसले. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी सवयीनं एक टाळी वाजवली, दुसरीसाठी उचललेले हात तसेच हवेत राहिले, मग त्यांनी ते मांडीवर ठेवून दिले. बाहेर पार्किंगमध्येसुद्धा कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा दिग्दर्शकाचा थोडा रागच आला होता. टाळी हा प्रेक्षकाचा सुटकेचा दरवाजा असतो, आणि त्यानं तो बाहेरून कडी घालून बंद केला होता.

लोक नेमके कुठे रडतात?

मारहाणीच्या दृश्यांना कमी, किरकोळ गोष्टींना जास्त. टॉम स्टॉपर्डचं 'लिओपोल्डस्टाट' 2020 मध्ये लंडनला आलं. 1899 ते 1955 या काळातल्या व्हिएन्नातल्या एका मोठ्या ज्यू कुटुंबाची ती कथा आहे. पहिल्या अंकात पोरांचा गोंगाट, लग्नाची बोलणी, धंद्याच्या गप्पा. इतकी माणसं की कोण कुणाचं कोण ते कळत नाही. आमच्याकडे वाचतानाही दर दोन पानांनी कुणीतरी विचारायचं, 'ही कुणाची आत्या?' शेवटच्या प्रवेशात तीनच माणसं उरतात. वंशावळीचा कागद हातात घेऊन एकेक नाव विचारलं जातं आणि उत्तरादाखल मरणाची जागा सांगितली जाते. आऊशवित्झ. पुन्हा आऊशवित्झ. सुरुवातीला जी नावं लक्षात ठेवायचा आपण कंटाळा केला, तीच ही. रडू येतं त्यात थोडी शरमही असते.

स्टॉपर्डचं बालपण काही काळ दार्जिलिंगला गेलं. हिटलरच्या तावडीतून निसटलेलं हे चेक कुटुंब सिंगापूरमार्गे भारतात पोचलं होतं, वडील वाटेतच गेले. आपले चारही आजी-आजोबा छळछावण्यांत संपले, हे त्याला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

मध्येच हसू आलं तर?

ज्यू नाटकाला हसू वर्ज्य असतं तर यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतली, रंगभूमी उभीच राहिली नसती. प्रश्न कशाला हसलो हा आहे. 1966 च्या 'कॅबरे' या संगीत नाटकात एक गाणं आहे. बर्लिनच्या क्लबातला सूत्रधार एका गोरिला मादीबरोबर नाचतो आणि लोकांना विनवतो, माझ्या डोळ्यांनी हिच्याकडे बघा. सभागृहात हशा. मग शेवटची ओळ येते: तसं बघितलंत तर ती अजिबात ज्यू वाटणार नाही. हसू घशातच अडकावं अशी ती रचना. नाझी वर चढत असतानाच्या बर्लिनमध्ये प्रेक्षक कसा हळूहळू सामील होत गेला, ते प्रेक्षकालाच करायला लावून दाखवलंय.

बोस्टनच्या सुरुवातीच्या प्रयोगांत ज्यू प्रेक्षकांनी याच ओळीवर तक्रारी केल्या, तेव्हा ती बदलून सौम्य करावी लागली. 1972 च्या चित्रपटात मूळ ओळ परत आली. सूत्रधाराचं काम करणारा जोएल ग्रे स्वतः ज्यू. 2024 च्या अखेरीस त्यानं एका लेखात लिहिलं, की आजच्या प्रयोगांत काही लोक त्या ओळीवर थेट, मोकळेपणानं हसतात. 1966 मध्ये लोकांना ती बोचली, म्हणून बदलावी लागली. आता ती काही जणांना बोचतच नाही. यातली कोणती प्रतिक्रिया जास्त काळजीची, ते तुम्हीच ठरवा.

शायलॉकचं काय करायचं? तो खलनायक की बिचारा?

या प्रश्नावर आमच्याकडे चहा दोनदा करावा लागला.

शायलॉक म्हणजे शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधला ज्यू सावकार. तो बदलत गेला तो प्रेक्षकांबरोबर. लाल केसांचा टोप घालून, विनोदी सैतान म्हणून त्याला उभं करायची इंग्लंडात रीत होती. 1814 मध्ये एडमंड कीननं लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात काळा टोप घातला आणि एक माणूस उभा केला. 1879 मध्ये हेन्री अर्व्हिंगनं शेक्सपिअरनं न लिहिलेला एक प्रसंग घातला: मुलगी पळून गेली आहे हे ठाऊक नसलेला बाप रात्री कंदील घेऊन घरी येतो, आपल्याच दारावर थाप मारतो, आत कुणी नाही, आणि पडदा पडतो. एकही शब्द नाही. त्या थापेनं सगळा कल फिरला आणि नाटक 250 प्रयोग चाललं. 1903 मध्ये न्यूयॉर्कला जेकब ॲडलर हा यिडिश नट शायलॉक झाला. बाकी सगळे इंग्रजीत, हा एकटा यिडिशमध्ये. त्याचं परकेपण कानांनीच ऐकू यायचं.

आणि 1943 च्या मे महिन्यात व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये वेर्नर क्राऊसनं शायलॉक असा रंगवला की नाझी अधिकारी खूश झाले. शहरातले बहुतेक ज्यू तोवर गाड्यांत भरून नेलेले होते. त्या प्रेक्षागृहातल्या हशाचा विचार मी टाळतो.

त्याच्या सात वर्षं आधी तेल अवीवमध्ये हबिमा या संस्थेनं हेच नाटक हिब्रूत केलं, जर्मनीतून परागंदा झालेल्या लिओपोल्ड येस्नरच्या दिग्दर्शनात. एवढा वाद पेटला की प्रयोगानंतर लोकांनी जाहीर खटलाच भरवला. आरोपी: शेक्सपिअर, नाट्यसंस्था आणि दिग्दर्शक. अशी दाद मराठीत कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

आपल्याकडचा धागा वेगळाच आहे. 1880 च्या सुमारास भारतेंदु हरिश्चंद्रांनी 'दुर्लभ बंधु' या नावानं हे नाटक हिंदीत आणलं. व्हेनिसचं वंशनगर झालं, शायलॉकचा शैलाक्ष, आणि तो जैन सावकार. ज्यू ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाला समजावं म्हणून लेखकानं शेजारचाच एक 'दुसरा' शोधून त्या जागी बसवला. नाटकाचं यंत्र तसंच चाललं. मला वाटतं शायलॉकवरची ही सगळ्यात बोलकी टीका आहे, भारतेंदूंच्या मनात ती असो वा नसो.

ज्यू प्रेक्षकच कधी कधी अशा नाटकांना विरोध का करतात?

घरातलं भांडण चव्हाट्यावर कुणाला आवडतं? शोलेम आशचं 'गॉड ऑफ व्हेंजन्स' घ्या. कुंटणखाना चालवणारा ज्यू बाप, घरात आणलेली तोरा या पवित्र धर्मग्रंथाची गुंडाळी आणि दोन स्त्रियांचं प्रेम. लेखकानं ते थोर लेखक पेरेत्झ यांना वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी जाळून टाकायचा सल्ला दिला होता. यिडिशमध्ये मात्र ते वर्षानुवर्षं चाललं. 1923 मध्ये इंग्रजीतून ब्रॉडवेवर गेलं आणि सगळ्या नटसंचावर अश्लीलतेचा खटला झाला. तक्रार करणाऱ्यांत पुढे होते एक रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू. यिडिशमध्ये ते आपल्यातलं बोलणं होतं, इंग्रजीत शेजारी ऐकत होते.

फ्रँकफुर्टची गोष्ट निराळी. 31 ऑक्टोबर 1985 रोजी फासबिंडर या जर्मन लेखकाच्या एका नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्यात जमिनीचे सौदे करणारं एक पात्र आहे, त्याला नावच नाही, नुसतं 'श्रीमंत ज्यू'. प्रयोग सुरू व्हायच्या वेळी शहरातल्या ज्यू समाजातले तीसेक लोक रंगमंचावर चढले आणि सरकारी पैशानं चाललेला ज्यूद्वेष अशा अर्थाचा फलक धरून उभे राहिले. छळछावण्यांतून वाचलेली माणसंही त्यांत होती. खाली आणि वर वाद झडले, प्रयोग झालाच नाही. युद्धानंतर चाळीस वर्षं जर्मनीत गुपचूप राहिलेला समाज पहिल्यांदा असा उघड उभा राहिला, असं पुष्कळांनी म्हटलंय.

'घाशीराम कोतवाल'चं 1972 नंतरचं रामायण आठवणाऱ्याला यातलं निम्मं ओळखीचं वाटेल. निम्मंच. नाना फडणवीसांचे वंशज म्हणवणारे प्रेक्षक आणि छावणीतून जिवंत आलेला प्रेक्षक यांच्या दुखावण्यात फरक आहे. मी एरवी प्रयोग बंद पाडण्याच्या विरुद्ध आहे. फ्रँकफुर्टबद्दल माझं मत अजून पक्कं होत नाही.

छळ चालू असतानाच ज्यूंनी नाटकं केली, हे कसं शक्य आहे?

लिथुआनियातल्या व्हिल्नाच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, जानेवारी 1942 मध्ये पहिला कार्यक्रम झाला. जवळच्या पोनारीच्या जंगलात हजारो माणसं नुकतीच मारली गेली होती. 'स्मशानात नाटक करत नाहीत' अशा चिठ्ठ्या घेट्टोत फिरल्या. तरी नाट्यगृह चाललं आणि लोक येत राहिले. सुरुवातीला चिडलेला ग्रंथपाल हेर्मान क्रुकसुद्धा पुढे आपल्या रोजनिशीत त्या सांस्कृतिक धडपडीची दखल घेऊ लागला. यावरच योशुआ सोबोलचं 'घेट्टो' 1984 मध्ये हैफाला आलं.

दुसरी गोष्ट आपल्या फार जवळची. वॉर्साच्या घेट्टोत यानुश कोर्चाक हा डॉक्टर अनाथाश्रम चालवत होता. 18 जुलै 1942 रोजी त्याच्या मुलांनी रवींद्रनाथांचं 'डाकघर' पोलिश भाषेत केलं. खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट बघणारा आजारी अमल. मृत्यूला शांतपणे सामोरं जाता यावं म्हणून हे नाटक निवडलं, असं कोर्चाक म्हणाला, असं सांगतात. प्रेक्षक होते घेट्टोतलेच लोक. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जवळपास दोनशे मुलं आणि कोर्चाक यांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेलं. आम्ही 'डाकघर' वाचलं तेव्हा अमलचं काम करणारी मुलगी नऊ वर्षांची होती. ही हकिकत तिला वाचनाआधी सांगायची की नंतर, यावर तिच्या आईशी माझं चांगलंच वाजलं. आईचंच चाललं. नंतर सांगितली.

'फिडलर ऑन द रूफ' भारतीयांना लगेच आपलंसं का वाटतं?

रशियातल्या एका ज्यू खेड्याचं हे संगीत नाटक. मुलींची लग्नं, परंपरा आणि पैशाची ओढाताण. आणखी काय हवं? 1967 च्या टोकियोतल्या प्रयोगाच्या वेळी जपानी निर्मात्यानं लेखक जोसेफ स्टाइनला विचारलं होतं, 'हे अमेरिकेत कळतं का लोकांना? हे तर इतकं जपानी आहे!' फक्त एवढंच, की शेवटी गाव सोडून निघालेली ती माणसं परंपरेमुळे निघालेली नाहीत. त्यांना हुसकावलंय. 'अगदी आपल्यासारखंच' म्हणताना हे निसटतं.

आजही अशा नाटकांबाहेर निदर्शनं होतात?

21 फेब्रुवारी 2023 रोजी ब्रॉडवेवर 'परेड'चा पहिला पूर्वप्रयोग होता. अमेरिकेतल्या जॉर्जियात खुनाच्या आरोपावरून 1915 मध्ये झुंडीनं फाशी दिलेल्या लिओ फ्रँक या ज्यू माणसाची ती संगीत नाट्यकथा. रांगेत उभ्या प्रेक्षकांपुढे नवनाझी गटाची माणसं फलक घेऊन आली आणि तो दोषीच होता म्हणून ओरडू लागली. म्हणजे आतल्या नाटकातला जमाव बाहेर फुकट बघायला मिळाला.

सध्याच्या इस्रायल-पॅलेस्टाइन संघर्षाचं सावट पडतंच ना?

पडतं. 2012 मध्ये लंडनच्या ग्लोबमध्ये हबिमाचा 'मर्चंट' चालू असताना प्रेक्षागृहात पॅलेस्टाइनचे झेंडे निघाले होते. त्या संस्थेच्या धोरणांवर आक्षेप घेणं हा एक मुद्दा झाला. पण 1938 च्या व्हिएन्नातल्या आजीबाईंना आजच्या कुठल्याही सरकारचा जाब विचारता येत नाही. आणि त्यांच्यासाठी डोळे ओले झाले म्हणून गाझातल्या मुलासाठी कोरडे ठेवायचे, असंही कुणी सांगितलेलं नाही.

मुलांना न्यावं का?

ॲन फ्रँकला दहा-बारा वर्षांपासून पुढे, आधी थोडं बोलून. नाझी स्वस्तिक दिसलं की आपली मुलं पटकन विचारतात, 'हे तर आपल्या दारावर असतं!' उत्तर तयार ठेवा, मध्यंतरापर्यंत टाळू नका.

मराठीत ज्यूंचा इतिहास रंगमंचावर कधी आला का?

रंगमंचावर म्हणाल तर वाट वाकडी आहे. पारशी रंगभूमीवर आगा हश्र काश्मिरींचं 'यहुदी की लडकी' गाजलं. रोमनांच्या राज्यातला छळ, आणि तुमचं रक्त ते रक्त, आमचं पाणी का, असं विचारणारा म्हातारा ज्यू. त्याच रंगभूमीवर जोसेफ डेव्हिड पेणकर हे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, नाटककार होते. 1931 चा 'आलम आरा' त्यांच्याच नाटकावरून झाला.

पण खरा ऐवज कीर्तनात आहे. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांची परंपरा सांगणारे, तेलाचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले आपले बेने इस्रायल. 1880 च्या सुमारास त्यांनी हरिकीर्तनाचा साचा उचलला आणि त्यात अब्राहाम, योसेफ, मोशे बसवले. साकी, दिंडी, ओवी, सगळं मराठी. ऐकणाऱ्यांची प्रतिक्रिया काय, असं इथे विचारावंच लागत नाही. कीर्तनात श्रोता ध्रुपद उचलतो, तो गप्प बसूच शकत नाही. पुढे समाजातले बहुतेक लोक इस्रायलला गेले, आणि तिथे ही मराठी कीर्तनं बायकांनी पुढे चालवली. समोर बसलेल्या नातवंडांना हिब्रू येतं, मराठी अर्धमुर्धं. तरी ध्रुपद येतं.

मग बेने इस्रायलांवर नाटक कोणतं लिहावं?

माझी फर्माईश 1964 ची. इस्रायलमध्ये गेलेल्या या लोकांच्या लग्नांवर तिथल्या धर्मपीठानं 1962 मध्ये चौकशीची अट घातली: तुम्ही पुरते ज्यू आहात कशावरून? पेण, चौल, नवगावची आडनावं लावणारी माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. ऑगस्ट 1964 मध्ये ते पूर्ण ज्यू आहेत असं सरकारला जाहीर करावं लागलं. धरण्यावरच्या बायका आपसात मराठीत बोलत असणार, समोरचे पोलीस हिब्रूत. पहिला प्रवेश तिथेच सुरू करावा. आमच्या गटात एकीनं लिहायला घेतलंय, अकरा पानं झालीत. वाचायला मागू नका, ती देत नाही.